ऱ्हस्व-दीर्घावर भांडतो आपण, पण प्रत्यय सुटे पडतायत त्याचं काय?

प्रूफवाली

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकांची प्रूफं यायला लागली की दरवर्षी मनात येतं, एकदा हे सगळं सविस्तर लिहायला हवं, यंदा लिहितेच. मी मुद्रितशोधन करते. शाळांचे वार्षिक अंक, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, मधूनच कुणाचं आत्मचरित्र, जे येईल ते. आपल्याकडे शुद्धलेखन म्हटलं की सगळे वेलांट्यांवर तुटून पडतात, पहिली की दुसरी. वेलांट्या महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या टेबलावर सध्या जे येतंय त्यात खरी पडझड दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. शब्दाला प्रत्यय जोडायचा असतो हेच लोक विसरत चाललेत.

'मुलां साठी', 'घरा मध्ये', 'शाळे च्या', 'त्यां ना'. हे आता रोजचं झालंय, शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसं असं लिहितात. हिंदीत 'बच्चों के लिए', 'घर में' सुटं लिहितात हो, मराठीत नाही लिहीत. 'साठी', 'मध्ये' यांना शब्दयोगी अव्यय हे नावच शब्दाला जोडून येतात म्हणून मिळालंय. आणि दुसरं त्याहून वाईट, 'पुणेला जाणार', 'ठाणेमध्ये फ्लॅट', 'रस्तावर खड्डे'. पुण्याला, ठाण्यामध्ये, रस्त्यावर. प्रत्यय लागण्याआधी नाम आपलं रूप बदलतं, त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि मराठीचं सगळं वाक्य त्याच्यावर उभं असतं. वेलांटी चुकली तर शब्द चुकतो, सामान्यरूप गेलं तर भाषेची घडणच जाते असं माझं मत आहे.

तिसरं म्हणजे 'तो व्यक्ती'. व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, समोर सहा फुटी पहिलवान असला तरी ती व्यक्तीच. चौथं, 'त्याने माझी मदत केली'. मराठीत कुणाला तरी मदत करतात, 'त्याने मला मदत केली'. पाचवं, टीव्हीवरचा 'धक्कादायक खुलासा'. आपल्याकडे खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, ऑफिसात उशिरा आलं की साहेब मागतात तो. गुपित फुटलं या अर्थाचा खुलासा हिंदीतला, आपण त्याला गौप्यस्फोट म्हणतो. आता बातमीत 'मंत्र्यांचा खुलासा' वाचलं की मंत्र्यांनी स्वतःची बाजू मांडली की दुसऱ्या कुणाचं बिंग फोडलं हेच कळत नाही.

तुमच्या नजरेत काय काय येतं तेही लिहा.

वऱ्हाडी_पोरगी

विषय चांगला आहे पण मला आधीच एक सांगायचंय कारण असे धागे पुढे कुठे जातात ते मी खूपदा पाहिलंय. मी अकोल्याची. आमच्याकडे 'काय करून राहिला' म्हणतात, 'जाऊन राहिलो' म्हणतात. कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा होस्टेलमध्ये मुली मला तेच तेच बोलायला लावायच्या आणि हसायच्या, शेवटी मी कमी बोलायला लागले. आमची बोली म्हणजे चूक नाही. 'शुद्ध' शब्दाचाच मला त्रास होतो, दुसऱ्यांचं मग अशुद्ध का? प्रमाणलेखन म्हणा, मग माझं काही भांडण नाही.

प्रूफवाली

@वऱ्हाडी_पोरगी, शंभर टक्के. म्हणूनच मी वर 'पानी', 'लोनी' असलं एकही उदाहरण घेतलं नाही. 'करून राहिला' यात सगळं जागच्या जागी आहे, क्रिया चालू आहे हे सांगायची ती वऱ्हाडीची पद्धत आहे. सोलापूरकडे 'मी काम केलो' म्हणतात, तिथे कानडीचा शेजार आहे. या बोलींना त्यांचं व्याकरण आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलंय. 'पुणेला' कुठल्याच बोलीत नाही, ना वऱ्हाडीत ना मालवणीत ना मराठवाड्यात. आजी कुठल्याही जिल्ह्यातली असो, ती पुण्यालाच जाते. मला काळजी आहे ती याची. प्रमाणलेखन हा शब्द मलाही जास्त आवडतो, यापुढे तोच वापरते.

कीबोर्डवाला

सुट्या प्रत्ययांचं एक कारण मी सांगू शकतो, कामच तसं आहे. फोनवर टाइप करताना वर जे शब्द सुचवले जातात त्यातला एक दाबला की पुढे आपोआप स्पेस पडते. म्हणजे तुम्ही 'मुलां' निवडलं, स्पेस पडली, मग 'साठी' निवडलं, झालं 'मुलां साठी'. जोडायचं तर मागे जाऊन स्पेस पुसावी लागते, घाईत कोण पुसतंय. त्यात मराठी शब्दाला शेपट्या किती लागतात बघा, मुलांसाठी, मुलांसाठीच, मुलांसाठीसुद्धा, मुलांसाठीच्या. एवढी सगळी रूपं यादीत नसतात म्हणून बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते आणि माणसाला वाटतं आपलंच चुकलं, तो तोडून लिहितो आणि रेघ जाते. रोज असं झालं की डोळ्याला तेच बरोबर दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट ऱ्य ची. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. हा अर्धा र लोकांना सापडत नाही म्हणून सर्रास 'तर्हा' नाहीतर 'दुसर्या' लिहितात. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर र च्या बटणावर शिफ्ट धरलं की नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, आणि मग य, झालं ऱ्य. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचे, दिसायला सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरला ते वेगळं वाटतं, त्यामुळे सर्च केलं तर एका पद्धतीचं दुसऱ्या पद्धतीत सापडत नाही. दिवाळी अंकांचे जुने पीडीएफ चाळणाऱ्यांना हा अनुभव असेलच.

प्रूफवाली

लाल रेघेचं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, फार मोलाची माहिती दिलीत. एका लेखकांनी सगळे प्रत्यय तोडून पाठवले होते आणि 'कॉम्प्युटरने सांगितलं' म्हणाले, ते आत्ता कळलं.

खानदेशी_मास्तर

मी धुळे जिल्ह्यात शिकवतो. आमच्या पोरांची घरची भाषा अहिराणी, ळ चा य होतो, मग वहीत 'शाया', 'डोया' येतं. ते आठवी-नववीपर्यंत सुधारतं कारण पोरगं वाचायला लागलं की डोळ्याला शब्द दिसतो. पण इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचं मराठी तपासताना जास्त कष्ट पडतात. 'माझ्याकडे एक भाऊ आहे' असं निबंधात लिहितात. माझ्याकडे पेन आहे, शंभर रुपये आहेत, भाऊ 'मला' आहे. नात्याला 'मला' आणि वस्तूला 'माझ्याकडे', हे कुठल्या नियमात पाठ करून येत नाही, घरात ऐकूनच येतं.

वेलांट्यांचं म्हणाल तर मी मुलांना सगळे नियम सांगतच बसत नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने मान्य केले आणि १९७२ ला आणखी ४ आले, असे १८. पण पोराला आधी एवढंच सांगतो, शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की दीर्घ. मी, तू, ही, ती, की, पाटी, कवी, सुरू, गुरू सगळं दीर्घ. मराठी शब्दांत अपवाद फक्त आणि, नि. संस्कृतातली परंतु, तथापि असली अव्यये सोडा. मग दुसरं, शेवटचं अक्षर असं दीर्घ असलं, म्हणजे काना, मात्रा किंवा दुसरी वेलांटी असली, की त्याच्या आधीचं ऱ्हस्व. गरीब पण गरिबी, वकील पण वकिला. शेवटी अ असला तर आधीचं दीर्घ, म्हणून पोलीस, पण पोलिसांनी. या दोन-तीन गोष्टींवर रोजच्या लिहिण्यातलं बरंच निभावतं. संस्कृत शब्द वेगळे वागतात, परीक्षा, पूजा, गुण, मंदिर, ते हळूहळू डोळ्याखालून घालायचे.

सेक्रेटरी_बी_विंग

मी सोसायटीच्या नोटिसा लिहितो आणि लिहिताना नेहमी शंका येते, कुणी नीट सांगितलं तर बरं होईल. परवाची नोटीस अशी होती, जशीच्या तशी देतोय:

'सर्व सभासदांना कळविण्यात येते कि उद्या पाण्याच्या टाक्या साफ करण्याचे काम असल्यामुळे सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत पाणी पुरवठा बंद राहिल. तरी सर्वानी पाणी जपुन वापरावे हि विनंती.'

यात कुठे काय आहे?

प्रूफवाली

छान, अशी समोर ठेवलेली नोटीस असली की बोलायला सोपं जातं. नोटीस मुळात चांगली आहे हं, वाक्यं सरळ आहेत, उगाच 'च्या द्वारे' वगैरे नाही.

'कि' नाही, 'की'. 'हि' नाही, 'ही'. मास्तरांनी वर सांगितलंच, एकअक्षरी शब्द दीर्घ, 'नि' तेवढा सोडून. 'राहिल' चं 'राहील', 'होईल', 'येईल', 'जाईल' तसंच, शेवटी ल मध्ये अ आहे म्हणून आधीची दुसरी वेलांटी. पण 'राहिला', 'राहिले' मात्र पहिली, कारण तिथे शेवटचं अक्षर दीर्घ झालं. 'जपुन' चं 'जपून'. करून, येऊन, म्हणून, पासून, कडून, वरून, हा 'ऊन' कायम दीर्घ, एकदा लक्षात ठेवलं की लिहिण्यातल्या निम्म्या चुका जातात असं मला प्रूफं बघताना वाटतं. 'पाणी पुरवठा' जोडून, पाणीपुरवठा, तो एकच शब्द आहे. 'दुपारी २ वाजेपर्यंत' लिहा म्हणजे आकड्याला पर्यंत कसं जोडायचं हा प्रश्नच येत नाही.

आणि 'सर्वानी' वर टिंब हवं, 'सर्वांनी'. हे टिंब लोक फार सहज सोडतात आणि याने अर्थ बदलतो. त्याच्या म्हणजे एकाच्या, त्यांच्या म्हणजे अनेकांच्या किंवा आदराने एकाच्या. पुण्यस्मरणाच्या एका फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे आला होता, त्यात 'आजोबाच्या स्मृतीस' असं होतं. टिंब गेलं की आजोबांना अरेतुरे होतं. घरच्यांना दाखवल्यावर त्यांनी तिथल्या तिथे बदलून घेतलं.

जुनी_पुस्तकं

टिंबाचा विषय निघालाय म्हणून. माझ्याकडे आजोबांच्या वेळची पुस्तकं आहेत, त्यात 'नाहीं', 'कांहीं', 'मीं', 'तूं', 'पांच' असं सगळीकडे टिंबच टिंब. उच्चारात कुठे नाहीत ती, १९६२ च्या नियमांनी काढली. जुनी जाणती मंडळी तेव्हा दुखावली होती, व्युत्पत्ती पुसली जाते म्हणून. पण एक फायदा झाला तो कुणी सांगत नाही. पूर्वी एका घरात असलं तरी 'घरांत' लिहीत. आता 'घरात' म्हणजे एक घर आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरं, टिंबाला काम मिळालं. म्हणून तर आता ते सोडलं की जास्त नुकसान होतं.

आणि जिथे टिंब नको तिथे लोक देतात, 'म्हंटलं'. म्हटलं आहे ते. म्हणणे मधल्या ण चं टिंब करून टाकतात, का ते कळत नाही.

लोकलचा_प्रवासी

'भेटलं' वर कुणी काहीच बोललं नाही अजून 🙂 तिकीट भेटलं, पगार भेटला. मी परळला वाढलोय, आमच्याकडे सगळे असंच बोलतात आणि मला कळत नाही त्यात एवढं रागावण्यासारखं काय आहे, समोरच्याला कळतं ना. 'तो बोलला' म्हटलं की पण लोक दुरुस्त करतात, 'म्हणाला' म्हण. गिरणगावात तीन पिढ्या बोलल्या तशा, ती पण मराठीच ना? वऱ्हाडीला बोली म्हणता मग आमचीला का नाही?

प्रूफवाली

मुद्दा रास्त आहे आणि मी रागावत नाही. बोलताना बोला, गोष्टीत परळचं पात्र असेल तर त्याच्या तोंडी 'पगार भेटला'च हवं, मी प्रूफात ते कधीच बदलत नाही. उलट ते बदलणाऱ्याला मी थांबवते. लेख किंवा अर्ज असेल तर बदलते. माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, हा फरक मराठीकडे आहे, हिंदीत दोन्हीला मिलनाच. मला तो फरक टिकावा असं मनापासून वाटतं कारण तो उपयोगाचा आहे, 'मला पुस्तक मिळालं' आणि 'मला लेखक भेटले' दोन्ही एका ओळीत लिहिता येतं. बोलला आणि म्हणाला तसंच. 'तो खूप बोलला' आणि 'तो म्हणाला की येतो', एक बोलण्याची क्रिया, दुसरं काय सांगितलं ते.

लोकलचा_प्रवासी

गोष्टीतलं बदलत नाही म्हणालात ते बरं वाटलं. लेखाचं पटलं, बोलायचं माझं मी ठरवेन.

एडिसनची_आई

इथे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांचं सगळ्यात अवघड म्हणजे आपण आणि आम्ही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे माझा मुलगा मला म्हणतो 'आई, आम्ही उद्या बीचवर जाऊ या?'. मी विचारते, आणि मी नाही का येणार? ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून असेल तर आपण, त्याला वगळून असेल तर आम्ही. हिंदीतही 'हम'च आहे, त्यामुळे हिंदी मित्रांकडूनही शिकायला मिळत नाही. हा फरक मराठीची श्रीमंती आहे असं मला वाटतं आणि मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर घालवते.

अजून एक, पण हे भारतातल्या नातेवाइकांच्या मेसेजमध्ये जास्त दिसतं, 'तुम्ही आले का?', 'तुम्ही जेवले का?'. आम्ही लहानपणी 'तुम्ही आलात का', 'जेवलात का' म्हणायचो. तो शेवटचा त कुठे गेला?

वऱ्हाडी_पोरगी

@एडिसनची_आई, 'तुम्ही आले का' आमच्याकडे घरोघरी आहे, आणि पूर्ण आदराने. त्यामुळे त्याला चूक म्हणू नका प्लीज. लिहिताना मी 'आलात' लिहिते.

रात्रपाळी

वृत्तपत्रात उपसंपादक आहे. आमच्याकडे पानावर जाता जाता रोखलेले शब्द सांगतो. 'दुरावस्था'. रस्त्यांची दुरवस्था असते, दुर् अधिक अवस्था, मध्ये काना येतोच कुठून. 'कोट्याधीश' चं पण तसंच, कोटि अधिक अधीश, कोट्यधीश. 'अपरोक्ष' तर उलट्याच अर्थाने वापरतात, 'माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला' अशी तक्रार असते नेत्याची, आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, पाठीमागे म्हणजे परोक्ष. 'आरोपीने खून केला' हे तर लिहूच नये, कोर्टात सिद्ध होईपर्यंत तो आरोपीच, गुन्हेगार नाही, तिथे 'खून केल्याचा आरोप' असंच हवं, हा नुसता भाषेचा नाही तर माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे. 'ज्येष्ठ' मधला य, 'तज्ज्ञ' मधला अर्धा ज, 'उज्ज्वल' मधला पण लोक गाळतात, 'कवयित्री' चं 'कवियत्री' करतात, रोजचं आहे. त्त्व चं प्रूफवाली सांगणार असाल तर सांगा, आमचे नवीन लोक 'मातृत्त्व' पण लिहायला लागलेत.

प्रूफवाली

हो, ते अर्धवट शिकवल्याने होतं. त्व हा प्रत्यय एकाच त चा आहे. मातृ अधिक त्व मातृत्व, नेतृत्व, स्वामित्व, अस्तित्व, इथे एकच. जिथे मूळ शब्दाच्या शेवटीच त् आहे तिथे दोन होतात, महत् चं महत्त्व, तत् चं तत्त्व, सत् चं सत्त्व, व्यक्तिमत् चं व्यक्तिमत्त्व. व्यक्तिमत्त्व मध्ये क्ति ऱ्हस्व, हेही बघा. एकटा असताना व्यक्ती, कवी, गुरू दीर्घ पण समासात पुढे दुसरा शब्द आला की संस्कृतातल्यासारखा ऱ्हस्व, कविसंमेलन, गुरुवार, गुरुपौर्णिमा, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, विद्यार्थिसंघटना. नदी, लक्ष्मी, वधू मुळातच दीर्घ म्हणून नदीकाठ, लक्ष्मीपूजन, वधूवर तसेच राहतात. हा नियम लोकांना सर्वांत जाचक वाटतो आणि मला त्यांचं म्हणणं समजतं, ज्याला संस्कृत येत नाही त्याने मूळ ऱ्हस्व की दीर्घ ओळखायचं कसं? उद्या हा नियम सैल केला तर मी तरी रस्त्यावर उतरणार नाही. सामान्यरूप सैल केलं तर उतरेन.

खानदेशी_मास्तर

मीपण येतो.

पत्रिका_छापायचीय

तातडीचं विचारतोय, भावाच्या लग्नाची पत्रिका उद्या प्रेसला जायचीय. आमचं आडनाव साने. 'सान्यांचे' लिहायचं की 'सानेंचे'? वडील म्हणतात सान्यांचे, आत्या म्हणते ते फार उघडंबोडकं वाटतं, लोकांना आडनाव 'सान्या' वाटेल.

प्रूफवाली

नियमाने वडील बरोबर. एकारान्त नामाचं सामान्यरूप या-कारान्त होतं, नियमातलं उदाहरणच फडके, फडक्यांना असं आहे. तसंच गोखल्यांचे, सान्यांचे. 'सानेंचे' आता सगळीकडे दिसतं, माझा त्याला विरोध आहे कारण हे परत 'पुणेला' सारखंच झालं. पण पत्रिकेत आत्याचंही मन राखायला हवं आणि त्याला आपल्याकडे जुनी वाट आहे, आडनाव जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे 'यांचे' लिहायचं. 'श्री. व सौ. साने यांचे चिरंजीव'. 'यांचे' सुटंच लिहा, ते सर्वनाम आहे, प्रत्यय नाही. आणि खाली 'आशिर्वाद' असेल तर 'आशीर्वाद' करा, शी दुसरी. पूर्ण मजकूर इथे टाकलात तर आज रात्री बघून देते.

पत्रिका_छापायचीय

'आशिर्वाद'च आहे, आत्ता बघितलं. 'यांचे' दोघांनाही चाललं. मजकूर टाकतो जेवण झाल्यावर.